नागरी सहकारी पतसंस्थेची वाढ आणि आधुनिकीकरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी पतसंस्थेच्या व्यवस्थापनात बरीच वर्षे काढल्यावर सभासद, ठेवीदार आणि नव्याने निवडून आलेले संचालक कोणते प्रश्न विचारतात, हे तोंडपाठ होते. त्यांतले वारंवार येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या नागरी पतसंस्थांना धरून आहेत. पगारदारांच्या पतसंस्थांमध्ये कर्जाचा हप्ता परस्पर पगारातून कापला जातो, त्यामुळे त्यांचे प्रश्न थोडे निराळे असतात.

पतसंस्था म्हणजे लहान बँकच ना?

नाही. बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो, तर पतसंस्था सहकार खात्याच्या निबंधकाकडे नोंदवली जाते आणि तिचा व्यवहार सभासदांपुरताच असतो. नियमित सभासद फक्त ग्राहक नसतो. त्याच्याकडे संस्थेचा निदान एक भाग असतो, आणि भाग कितीही असले तरी मत एकच असते. फक्त व्यवहारापुरत्या करून घेतलेल्या नाममात्र सभासदाकडे मात्र भाग नसतो आणि मताचा अधिकारही नसतो. बँकिंग नियमन कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. त्यानंतर सहकारी संस्थांनी परवानगीशिवाय आपल्या नावात ‘बँक’ हा शब्द वापरू नये, अशी जाहीर सूचना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिली. तरीही गावात लोक ‘बँकेत जाऊन येतो’ असे म्हणून पतसंस्थेतच जातात. बोलण्यात हे चालून जाते, पण ठेव ठेवताना हा फरक लक्षात असलाच पाहिजे.

या संस्था आल्या कुठून?

१९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने या देशात त्यांना कायदेशीर रूप मिळाले. त्याआधी १८८९ साली बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ सुरू झाली होती. कायदा झाल्यानंतर १९०५ मध्ये तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील गदगजवळच्या कणगिनहाळ येथे शेतकऱ्यांची पहिली पतसंस्था उभी राहिली. शहरातली आणि बाजारपेठेतली नागरी पतसंस्था महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने पसरली ती १९८० नंतर. किराणा दुकानदार, भाजीवाला, शिंपी आणि रिक्षाचालक यांना दहा-वीस हजारांचे कर्ज आठवड्याभरात हवे असायचे, आणि राष्ट्रीयीकृत बँकेच्या कागदपत्रांत ते बसत नसे. ती जागा पतसंस्थेने भरली. भिशीत जो विश्वास होता, त्याला नोंदणी, पोटनियम आणि लेखापरीक्षण यांची जोड मिळाली, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही.

आमच्या संस्थेच्या ठेवी तीन वर्षांत दुप्पट झाल्या. ही वाढच नाही का?

वर्धापनदिनाच्या फलकावर ठेवींचा आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो आणि त्याखाली कर्जे, नफा व भागभांडवल उतरत्या आकारात लिहिलेले असते. हा क्रमच दिशाभूल करणारा आहे, असे माझे मत आहे. ठेव ही संस्थेची कमाई नसून तिने परत करायचे देणे आहे. दहा कोटींची नवी ठेव नऊ टक्क्यांनी घेतली, तर दुसऱ्या दिवसापासून तिच्यावर रोज सुमारे पंचवीस हजार रुपये व्याज चढू लागते, मग त्या पैशातून कर्ज गेलेले असो वा नसो. हे व्याज भागवायचे म्हणून घाईने मोठी कर्जे दिली जातात. घाईत दिलेल्या मोठ्या कर्जात दोन-तीनच नावे असतात, आणि ती नावे बहुधा कुणा संचालकाच्या ओळखीची निघतात. महाराष्ट्रात बुडालेल्या पतसंस्थांचे अहवाल पाहिले, तर हीच साखळी थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा आढळते. जळगाव जिल्ह्यात एकाच सुमारास अनेक पतसंस्था अडचणीत आल्या, तेव्हा त्यांतल्या कित्येकींच्या ठेवींचे आकडे बाहेरून पाहणाऱ्याला भरभराटीचेच वाटले होते.

म्हणून वाढ पाहायची असेल तर आधी स्वनिधी पाहावा. स्वनिधी म्हणजे वसूल भागभांडवल आणि निरनिराळे निधी. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा दरवर्षी राखीव निधीत टाकणे कायद्याने बंधनकारक आहे आणि लाभांशावर १५ टक्क्यांची मर्यादा आहे. सभेत ‘लाभांश का वाढवला नाही’ असा आवाज उठतो, तेव्हा न डगमगता निधीकडे बोट दाखवणारा चेअरमन मिळणे हे संस्थेचे भाग्य असते. त्यानंतर पाहावे ते कर्जदारांच्या संख्येकडे. दहा कोटींचे कर्ज वीस जणांकडे आहे की दोन हजार जणांकडे, यावर त्या रकमेचा अर्थ बदलतो.

व्याजदर वाढवून ठेवी आणू नयेत का?

आसपासच्या बँकांपेक्षा एक-दीड टक्का जास्त देणे पतसंस्थेला परवडू शकते. त्याहून फार जास्त देणारी संस्था ते व्याज कुठून देणार आहे, हा प्रश्न ठेवीदाराने स्वतःलाच विचारावा. मुदत ठेव ठेवताना लोक व्याजाचा फलक वाचतात, ताळेबंद वाचत नाहीत.

नवी शाखा कधी उघडावी?

कागदावर हिशेब मांडून पाहावा. शाखेचे भाडे, दोन-तीन कर्मचाऱ्यांचे पगार, वीज, इंटरनेट, तिजोरी आणि रोख रकमेचा विमा मिळून वर्षाला १५ लाख रुपये खर्च येतो, असे धरू. ठेवींवर द्यायचे व्याज आणि कर्जावर येणारे व्याज यांतला फरक ३ टक्के उरत असेल, तर नुसता खर्च भागवायला त्या शाखेला ५ कोटी रुपयांची कर्जे हवीत, आणि तीही वेळेवर फिटणारी. त्या गावात एवढ्या रकमेचे चांगले कर्जदार आहेत का, याचे उत्तर स्थानिक पुढाऱ्याच्या आग्रहावरून काढता येत नाही. सहकार खात्याची परवानगी घ्यावी लागते ती वेगळीच, आणि ती देताना लेखापरीक्षणाचा वर्ग, थकबाकी व नफा पाहिला जातो.

फीत कापून उघडलेली शाखा बंद करणे फार अवघड जाते, कारण बंद होण्याची नुसती कुणकुण लागली तरी मुख्य कार्यालयासमोर ठेवीदारांची रांग लागते.

कार्यक्षेत्र वाढवावे की बहुराज्यीय व्हावे?

कार्यक्षेत्र पोटनियमांत लिहिलेले असते. ते वाढवायचे तर सर्वसाधारण सभेत पोटनियम दुरुस्ती मंजूर करून ती निबंधकाकडे नोंदवून घ्यावी लागते. एकाहून अधिक राज्यांत काम करणाऱ्या संस्था २००२ च्या बहुराज्यीय सहकारी संस्था कायद्याखाली केंद्रीय निबंधकाच्या अखत्यारीत येतात. त्या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन निवडणूक प्राधिकरण आणि लोकपाल यांच्या तरतुदी आल्या आहेत.

मोठे होण्याचे उदाहरण म्हणून सगळे बुलडाणा अर्बनचे नाव घेतात. १९८६ मध्ये बुलडाण्यात सुरू झालेली ही संस्था आज अनेक राज्यांत पसरली आहे. तिच्याकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे गोदामे. शेतकऱ्याने सोयाबीन किंवा हरभरा गोदामात ठेवायचा, त्याच्या पावतीवर कर्ज घ्यायचे आणि भाव आल्यावर माल विकून ते फेडायचे. आपल्या भागातील माणसाची पैशाची अडचण नेमकी कोणत्या महिन्यात येते, हे ओळखून त्यावर योजना बांधली गेली. हे सूत्र उचलण्याऐवजी नुसती शाखांची संख्या गाठायला निघालेल्या संस्था पुढे धापा टाकताना दिसतात.

जिल्हा ओलांडण्याची घाई करणाऱ्या संचालकांना मी एकच गोष्ट विचारत असे : थकीत कर्जदाराच्या दारात वसुली अधिकाऱ्याला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल का?

बँकेत रूपांतर का करून घेत नाही?

नव्या नागरी सहकारी बँकांना परवाने देणे रिझर्व्ह बँकेने २००४ नंतर थांबवले होते. शिवाय भांडवलाच्या आणि तज्ज्ञ व्यवस्थापनाच्या अटी सामान्य पतसंस्थेच्या आवाक्यातल्या नाहीत.

आधुनिकीकरणाची सुरुवात कुठून करावी?

बहुतेक संचालक मंडळांना सुरुवात मोबाइल ॲपपासून करायची असते, कारण ते दाखवता येते. खरी सुरुवात खतावणीपासून, म्हणजे प्रत्येक खात्याच्या मूळ नोंदींपासून होते. जुनी माहिती नव्या प्रणालीत नेताना जे बाहेर येते, ते पाहायची तयारी असेल तरच या कामाला हात घालावा.

आमच्या संस्थेतला अनुभव सांगतो. जुन्या संगणकात मराठी नावे युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये टंकलेली होती. नव्या प्रणालीत ती उघडली तेव्हा पडद्यावर नावांऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे उमटली. रूपांतर करून अक्षरे सरळ झाली, तेव्हा दुसरा घोळ दिसला. एकाच बाईच्या भागांच्या नोंदीत ‘सुमन’, ठेवीत ‘सुमनबाई’ आणि कर्जाच्या जामीनदारांत ‘सौ. सुमनताई’ असे लिहिलेले होते, आणि तिन्ही ठिकाणी सभासद क्रमांक वेगळा होता. म्हणजे संस्थेच्या लेखी त्या तीन बायका होत्या. अशी शेकडो नावे निघाली. दोन कारकून आणि एक निवृत्त कॅशियर यांनी रोज संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर मूळ सभासद अर्ज काढून, सह्या ताडून ती जुळवली. या कामाला पाच महिने लागले. त्या काळात चेअरमन दर सभेत ‘ॲप कधी येणार’ म्हणून विचारत होते.

नावांनंतर पाळी येते शिलकांची. प्रत्येक खात्याची बाकी, तिची बेरीज आणि जनरल लेजरमधला (मुख्य खातेवहीतला) आकडा हे तिन्ही एकाच तारखेला जुळले पाहिजेत. ते जुळत नाहीत, तेव्हा फरकाची रक्कम ‘अनामत’ किंवा ‘शाखा जुळवणी’ खात्यात टाकून पुढे जाण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. माझ्या पाहण्यात आलेल्या अफरातफरींपैकी बऱ्याच या दोन खात्यांच्या आडोशाला वर्षानुवर्षे वाढल्या होत्या. चुकीची बाकी संगणकात गेली की ती छापील होऊन बाहेर येते, आणि छापलेल्या आकड्यावर माणसे शंका घेत नाहीत.

जुनी पद्धत बंद करण्याआधी निदान एक तिमाही दोन्ही पद्धती समांतर चालवाव्यात. कर्मचारी कुरकुर करतात, कारण काम खरोखरच दुप्पट होते. त्या तीन महिन्यांचा जादा भत्ता देण्यात संस्थेने हात आखडता घेऊ नये.

कोअर बँकिंग आल्याने नेमके काय बदलते?

सर्व शाखांची माहिती एका ठिकाणी येते, सभासदाला कोणत्याही शाखेत व्यवहार करता येतो आणि मुख्य कार्यालयाला त्याच संध्याकाळी दिवसअखेरचा ताळमेळ दिसतो. आधी शाखेची किर्द (रोजच्या व्यवहारांची वही) आठवड्याने येत असे आणि मधल्या दिवसांत शाखाधिकारी हाच राजा असे. आता नोंद एकाने करायची आणि मंजुरी दुसऱ्याने द्यायची, अशी विभागणी प्रणालीतच घालता येते. मात्र व्यवस्थापकाचा पासवर्ड शाखेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांना पाठ असेल, तर या विभागणीला काही अर्थ उरत नाही. लेखापरीक्षकाने लाखोंच्या प्रणालीचे कौतुक करावे आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर असावा, हे दृश्य मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

सॉफ्टवेअर कंपनी निवडताना काय पाहावे?

दरापेक्षा करारपत्र काळजीपूर्वक वाचावे. माहितीची मालकी संस्थेची राहील, आणि करार संपल्यावर ती सर्व माहिती दुसऱ्या प्रणालीत नेता येईल अशा स्वरूपात परत मिळेल, हे कलम स्पष्ट शब्दांत हवे. ते नसेल तर पुढच्या नूतनीकरणात कंपनी मागेल तो दर द्यावा लागतो. रोजचा बॅकअप संस्थेच्या इमारतीबाहेर जातो का, आणि तो परत उभा करून पाहिला आहे का, हेही विचारावे. बॅकअप घेतला जातो, पण तो उघडतो का हे वर्षानुवर्षे कुणी तपासत नाही.

पिग्मी अजून चालू ठेवावी का?

जरूर ठेवावी. पिग्मी म्हणजे एजंट दारी येऊन रोज गोळा करतो ती छोटी ठेव. रोज शंभर-दोनशे रुपये बाजूला टाकणाऱ्या हातगाडीवाल्याला संस्थेत आणणारी दुसरी योजना अजून सापडलेली नाही. त्याच्या पिग्मीची नोंद हाच त्याच्या कमाईचा पुरावा असतो, आणि वर्षभर न चुकता भरणाऱ्याला छोटे कर्ज देताना दुसरा कागद फारसा बघावा लागत नाही. पतमाहिती कंपन्यांकडे ज्याची काहीच नोंद नाही, त्याची पत अशी तयार होते.

जोखीम एजंटच्या टप्प्यावर असते. पूर्वी कार्डावर सही व्हायची आणि संध्याकाळी पैसे शाखेत भरले जायचे. एजंटने दोन दिवसांची रक्कम स्वतःसाठी वापरली, तरी ती पुढच्या वसुलीतून भरून निघत असे, आणि एक दिवस ती भरून निघत नसे. हातातले पिग्मी मशीन आल्यावर छापील पावती आली, पण त्यातली माहिती शाखेत उतरवेपर्यंत हीच फट राहत होती. मोबाइलवरील नोंदीमुळे ती बुजली, कारण पैसे घेतल्याक्षणी ठेवीदाराला एकूण शिलकेसह संदेश जातो. येथे एक पथ्य पाळावे लागते : ठेवीदाराचा मोबाइल क्रमांक संस्थेच्या कर्मचाऱ्याने स्वतः नोंदवावा. एजंटवर हे काम सोपवले, तर काही खात्यांना एजंटच्याच घरातले क्रमांक जोडलेले सापडतात.

यूपीआय, चेकबुक आणि एटीएम कार्ड पतसंस्था देऊ शकते का?

पतसंस्था बँकांच्या देयक व्यवस्थेची सदस्य नसते, त्यामुळे पतसंस्थेतील बचत खाते मोबाइलमधल्या यूपीआय ॲपला थेट जोडता येत नाही. व्यवहार एखाद्या बँकेतील संस्थेच्या खात्यातून होतात. हप्ता भरायला काउंटरवर क्यूआर कोड लावता येतो. काही बँका प्रत्येक सभासदासाठी स्वतंत्र आभासी खाते क्रमांक देतात. त्यावर आलेली रक्कम कुणाची आहे, हे आपोआप कळते आणि ‘पैसे आले, पण कुणाचे?’ या रोजच्या शोधातून कारकून सुटतो.

बँकेमार्फत व्यवहार वाढवण्याचे आणखी एक कारण आयकर कायद्यात आहे. ठेव किंवा कर्ज २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक असेल, तर ती रक्कम रोखीने स्वीकारण्यास मनाई आहे, आणि यात बँकांना असलेली सूट पतसंस्थांना लागू होत नाही. बाजाराच्या दिवशी पिशवीत रोकड घेऊन आलेल्या जुन्या सभासदाला हे समजावणे काउंटरवरच्या मुलीच्या वाट्याला येते. म्हणून नियमाचा फलक मोठ्या अक्षरांत लावावा.

माझी ठेव किती सुरक्षित आहे?

बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. ते पतसंस्थेला लागू नाही. कायद्यात पतसंस्थांसाठी नियामक मंडळाची आणि स्थिरीकरण निधीची तरतूद झाली आहे, पण हा निधी म्हणजे ठेव विमा नव्हे, आणि काउंटरवर कुणी तसे सांगितले तर मान डोलावू नये. ठेवीची सुरक्षितता कर्जे कशी दिली आहेत आणि अडीनडीसाठी किती रक्कम सहज मोडता येईल अशा गुंतवणुकीत आहे, यावर अवलंबून असते.

सगळीकडे सोनेतारण कर्ज वाढते आहे. ते चांगले की वाईट?

तारण हातात असते, अर्ध्या तासात कर्ज मिळते आणि जामीनदार शोधावा लागत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना ते सोयीचे आहे. धोके दोन. सोन्याचा भाव चढत असताना त्या दिवशीच्या भावाला चिकटून कर्ज दिले आणि भाव उतरला, तर कर्जदार दागिना सोडवायला येत नाही. दुसरा धोका मूल्यांकनाचा. सराफाने कसोटीवर घासून दाखला दिला, पाकीट सीलबंद झाले आणि तिजोरीत गेले, की पुढे ते कुणी उघडत नाही. सराफ आणि शाखाधिकारी संगनमताने वागले, तर पाकिटात काय आहे ते लिलावाच्या दिवशी कळते. सहा महिन्यांतून एकदा, तारीख न कळवता, दुसऱ्या गावच्या सराफाकडून चिठ्ठ्या टाकून निवडलेली पाकिटे तपासून घ्यावीत. संस्थेला याचा खर्च फारच थोडा येतो.

थकबाकी वसुलीसाठी संस्थेकडे कोणते अधिकार आहेत?

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळतो आणि कलम १५६ व नियम १०७ यांनुसार वसुली अधिकारी जप्ती व विक्री करू शकतो. दाखल्याविरुद्ध फेरतपासणी अर्ज करणाऱ्याला वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के आधी भराव्या लागतात. एवढे अधिकार असूनही दाखले कपाटात पडून राहतात, कारण गावात जप्तीचा ढोल वाजवायला कुणी धजत नाही. माझ्या अनुभवाप्रमाणे पहिला हप्ता चुकल्यावर तिसऱ्या दिवशी केलेला फोन वर्षभरानंतरच्या दाखल्यापेक्षा जास्त वसुली आणतो. नवी प्रणाली हे फोन कुणाला करायचे याची यादी रोज सकाळी काढून देते, आणि आधुनिकीकरणाचा सर्वांत रोकडा फायदा मला इथेच दिसला.

थकबाकीदारांची छायाचित्रे व्हॉट्सॲपच्या गटांत टाकण्याची जी पद्धत पडली आहे, ती मात्र ताबडतोब थांबवावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ आल्यानंतर हे प्रकार संस्थेच्या अंगाशी येऊ शकतात. केवायसीसाठी आधारची प्रत घेतानाही पहिले आठ अंक झाकलेली घ्यावी.

वयस्कर सभासदांना हे सगळे जमत नाही. त्यांचे काय?

पासबुक चालू ठेवावे. भरलेल्या पासबुकाचे पान बोटाने चाळत बाकी वाचणारी माणसे अजून पुष्कळ आहेत, आणि ठेवींतला मोठा वाटा त्यांचाच असतो.

मी साधा सभासद आहे. मला काय तपासता येते?

त्याच अधिनियमाच्या कलम ३२ प्रमाणे पोटनियम, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफातोटा पत्रक, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि आपल्या स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी सभासदाला कार्यालयात विनामूल्य पाहता येतात. फी भरून प्रती मागितल्यास संस्थेने त्या एका महिन्यात द्यायच्या असतात. लेखापरीक्षण आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. अहवाल हातात पडला की लेखापरीक्षकाने दिलेला वर्ग पाहून तो मिटू नये. संचालक व त्यांच्या नातेवाइकांकडील कर्जांचा तक्ता आणि थकबाकीची वर्षवार विभागणी काढावी, त्यानंतर ताळेबंदातील ‘येणे व्याज’ (हिशेबात धरलेले, पण अजून वसूल न झालेले व्याज) हा आकडा मागील वर्षाशी ताडावा. नफा वाढला आणि येणे व्याज त्याहून वेगाने वाढले, तर तो नफा अजून कागदावरच आहे. सभेत प्रश्न विचारायचा असल्यास तो आधी लेखी द्यावा आणि पोच घ्यावी, म्हणजे ‘वेळेअभावी’ असे म्हणून तो बाजूला सारता येत नाही.